मुदतीचे देव

स्वर्गात काय चालतं हे मेलेल्यांना विचारून उपयोग नसतो, म्हणून लोक निवृत्त प्राध्यापकांना विचारतात. मी आयुष्यभर पाली शिकवली. वर्गात सहा विद्यार्थी दिसले की आज गर्दी आहे असं वाटायचं. त्यामुळे श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बौद्धवाडीच्या मंडळाकडून फोन आला आणि पलीकडच्या माणसाने ‘सर, देवलोक नक्की किती?’ असं विचारलं, तेव्हा मी हुरळलो. फोनवर सांगून मोकळं व्हायचं सोडून ‘प्रत्यक्ष येऊन सांगतो’ म्हणालो. मे महिन्यात रायगडच्या किनाऱ्यावर जाण्याचा ज्यांचा विचार आहे त्यांनी माझ्या या वाक्यापासून धडा घ्यावा.

शुक्रवार

बोर्ली पंचतनच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती. समोर माझाच फोटो. फलकावर बारा माणसांची डोकी होती, त्यात सर्वांत लहान डोकं माझं, आणि खाली ‘त्रिपिटकाचार्य’ अशी पदवी. ही पदवी मला कोणी दिलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही. माझ्या डोक्याच्या तिप्पट मोठं डोकं दिनकरभाऊंचं होतं. ते मुंबई मंडळाचे अध्यक्ष.

कोकणातल्या गावांची घडण माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. इथे वाडीला दोन मंडळं असतात. ग्रामीण मंडळ गावात राहतं आणि कामं करतं. मुंबई मंडळ मुंबईत राहतं आणि ठराव करतं. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय वाडीतल्या नळाची तोटीसुद्धा बदलत नाही. आमच्याकडे देशावर एकच मंडळ असतं आणि ते काहीच करत नाही, म्हणजे हे लोक आमच्या दुप्पट पुढे आहेत.

माझी उतरायची सोय सुनंदाताईंकडे होती. या अंगणवाडी सेविका. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं कमी, हातावर तीन रंगांचे डाग. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि आमसुलाचं सार पुढ्यात ठेवून म्हणाल्या, “वाईच पडा. मग भित दावते.”

“कसली भिंत?”

“चिटणीसांनी सांगितलं न्हाय? भितीसाठी तर तुमाला बोलावलंय.”

मला फोन केला होता तो मुंबई मंडळाच्या चिटणिसांनी, आणि त्यांनी हे सांगितलं नव्हतं. फोनवर ‘मार्गदर्शन’ असा शब्द होता. ‘मार्गदर्शन’ म्हटलं की आपण भांडण सोडवायला चाललो आहोत हे समजण्याइतकं माझं वय झालं आहे, पण ते वेळेवर आठवत नाही.

नवं बुद्धविहार वाडीच्या टोकाला, सुपारीच्या बागेला लागून आहे. रविवारी, पौर्णिमेला, त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. आत गेलो आणि माझी सगळी चिडचिड दोन मिनिटं थांबली.

डावी भिंत खालपासून वरपर्यंत रंगवलेली होती. कुणीतरी थायलंडच्या सहलीहून एक चित्र आणलं होतं, त्यावरून. खाली माणसांचा पट्टा, त्यावर एकावर एक सहा देवलोक: चार दिशांच्या चार महाराजांचा, मग तेहतीस देवांचा, याम, तुषित, मग स्वतःच्या इच्छेने सुखं निर्माण करणाऱ्यांचा, आणि सर्वांत वर, दुसऱ्यांनी निर्माण केलेल्या सुखांवर सत्ता गाजवणाऱ्यांचा. त्याही वर छताजवळ ब्रह्मलोकांची फिकट रांग. रंग होड्यांना लावतात तो, चकचकीत. सुनंदाताईंनी आयुष्यभर अंगणवाड्यांच्या भिंतींवर आंबा, पोपट आणि छत्री काढलेली असल्यामुळे तुषित स्वर्गात पोपट जरा जास्त झाले होते. पण देव झकास होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो भरपूर जेवून पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो. ग्रंथांतही त्यांचं वर्णन जवळपास असंच आहे.

“एकटीनं केलंत?”

“अंगणवाडी सुटल्यावर. गणपतीपासनं लागल्ये.”

खालच्या पट्ट्यात माणसं होती आणि ती थायलंडची नव्हती. लावणी करणाऱ्या बाया, जाळं ओढणारे, खडी फोडणारे. एक म्हातारी वाकून चिखलात रोप खोचत होती आणि मान वळवून आपल्याकडे बघत होती, ‘काय काम आहे?’ अशा नजरेने.

“ह्या माझ्या सासूबाय. गेल्या वर्षी गेल्या,” सुनंदाताई म्हणाल्या. “त्यांचा फोटू म्हंजे आधार कार्डावरचा येकच. त्यात चोरावानी दिसतात. म्हनून हितं काढल्या.”

मग माझी नजर नावांवर गेली आणि दोन मिनिटं संपली.

प्रत्येक देवलोकाखाली पांढऱ्या अक्षरांत नाव होतं. ‘कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ.’ पंख्याच्या पात्यांवर नावं असतात, बाकांवर असतात, तशी. मुंबई मंडळाने पदांच्या क्रमाने स्वर्ग वाटून घेतले होते. अध्यक्षांच्या वडिलांना सर्वांत वरचा, मग उपाध्यक्षांच्या, असं खाली उतरत. चिटणिसांचं पद जुन्या यादीत टाकायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यांनी वरच्या ब्रह्मलोकांतून एक भारदस्त नाव स्वतः निवडलं होतं. ते कोणतं, हे वाचून मी डोळे मिटले.

आपण मृतांना ‘कालकथित’ म्हणतो ते कशासाठी? स्वर्गवासी म्हणायचं नाही, कैलासवासी म्हणायचं नाही, कारण आपल्याला स्वर्गही मान्य नाही आणि कैलासही, म्हणून. इथे तोच शब्द लिहून त्या माणसाला मजल्यासकट स्वर्गात जागा दिली होती.

“हे कुणाला खटकलं नाही?”

“लक्षुमनबाबांना खटकलं,” सुनंदाताई म्हणाल्या. “पन नावं न्हाय. देवच खटकले.”

शनिवार

सकाळी लक्ष्मणबाबा स्वतः आले. ग्रामीण मंडळातले सर्वांत वयस्कर, ऐंशीच्या पुढचे, पांढरा सदरा, ताठ पाठ. ‘जयभीम’ झाल्यावर ओटीवर बसले आणि सरळ मुद्द्यावर आले.

“सर, आपन बौद्ध झालो तवा मी धा-बारा वर्सांचा व्हतो. आमच्या आज्यानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आनि खाडीत नेऊन सोडले. मी संगं व्हतो. टोपली रिकामी घेऊन घरी आलो. आज्या रडत पन व्हता आनि हसत पन व्हता. आता तुमी सांगा, ते देव खाडीतनं भितीवर कसे आले?”

पाली ग्रंथांत देव आहेत, भरपूर आहेत, पण ते पूजायचे नाहीत, असं काहीतरी मी बोललो.

“मग ठेवायचे कशाला?” बाबा म्हणाले आणि आमसुलाचं सरबत न पिता गेले.

दुपारी मुंबईची माणसं आली. सकाळी नवाला ‘पाच मिनिटांत पोचतो’ असा फोन आला होता, प्रत्यक्ष गाड्या तीनला आल्या. वाट वाकडी करून हरिहरेश्वरला समुद्र बघायला गेले होते. ग्रंथ सांगतात की चार महाराजांच्या लोकात एक दिवस उजाडून मावळेपर्यंत इथे आपली पन्नास वर्षं जातात. मुंबई मंडळाचं घड्याळ कुठे दुरुस्त होतं, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी विहारात संयुक्त सभा. दिनकरभाऊ बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, धिप्पाड, बोटात अंगठ्या, बोलताना समोरच्याचा खांदा धरायची सवय. माझा खांदा धरून म्हणाले, “सर, टेन्शन घेऊ नका. तुम्ही फक्त एकेका देवलोकाचा अर्थ सांगा. अर्थ कळला की गावच्या लोकांचा गैरसमज जाईल.”

इथे मी चुकलो. मला थांबता आलं असतं. पण माझ्यापुढे साठ माणसं बसली होती आणि त्यांना चक्क पालीतलं काही ऐकायचं होतं. मी खालून सुरुवात केली. चार महाराजांच्या चाकरीत गंधर्व, यक्ष, नाग आणि कुंभांड नावाचे बेढब देव असतात, हे सांगताच कुणीतरी खजिनदारांकडे बघितलं, कारण तो लोक त्यांच्या वडिलांच्या नावावर होता. तरी निभावलं. तेहतीस देव, याम, तुषित, सगळं छान गेलं. पोपटांचा विषय मी काढला नाही.

मग चिटणीस उभे राहिले. “सर, आमच्या वडिलांचा सांगा ना. असंज्ञसत्त्व. नाव एकदम वजनदार आहे.”

“तिथल्या देवांना संज्ञा नसते,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“जाणीव नसते. नुसतं शरीर असतं. बघणं, ऐकणं, विचार, काही नाही.”

चिटणीस लाल झाले. “म्हणजे माझा बाप बेशुद्ध पडलाय?”

मागून एका बाईचा आवाज आला, “पगाराच्या दिवशी पडायचेच की!”

हशा उठला. चिटणीस ओरडले, “सभेचं गांभीर्य पाळा!” दिनकरभाऊंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मोठ्या मनाने म्हणाले, “जाऊ द्या. सर, आता सगळ्यात वरचा सांगा. सहा स्वर्गांतला सर्वोच्च. तिथे कोण राहतं?”

त्यांच्या चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला उभ्या असलेल्या माणसाचा आनंद होता. तिथे कोण राहतं हे मला माहीत होतं. खोटं बोलायला एक क्षण होता, तो मी उगाच घसा खाकरण्यात घालवला.

“मार,” मी म्हणालो. “बोधिवृक्षाखाली तथागतांना उठवायला सैन्य घेऊन आला होता तो. त्याचं घर तेच.”

पुढचा अर्धा तास मी सविस्तर सांगत नाही. उपाध्यक्ष म्हणाले, हे मुद्दाम केलंय. दिनकरभाऊ म्हणाले, माझ्या बापाला माराच्या घरी बसवणारा माणूस कोण ते मला कळलंच पाहिजे, आणि तो माणूस तेच होते हे त्यांना कुणी सांगेना. शेवटी दोन्ही मंडळांत कित्येक वर्षांनी एकमत झालं. ग्रामीण मंडळाला देव नको होते, मुंबई मंडळाला बदनामी नको होती. ठराव झाला: भिंतीला पांढरा चुना फासावा. उद्याच, उद्घाटनाआधी.

सुनंदाताई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांचं मत कुणी विचारलं नाही. त्या कुठल्याच मंडळात नव्हत्या.

घरी जाताना त्या म्हणाल्या, “सर, तुमी सांगितलंव ते खरं हाय ना?”

“खरं आहे.”

“मग वाईच खोटं बोलायचं व्हतं.”

ज्ञानाचा उपयोग काय, असं विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी लांबलचक उत्तर द्यायचो. त्या संध्याकाळी घावणे आणि नारळाचा रस समोर असून मला दोन घास गेले नाहीत.

रविवार

पहाटे चुन्याची बादली आणि कुंचे विहाराच्या दारात तयार होते. सहा वाजता कळलं की ठरावावर मुंबई मंडळाचा शिक्का लागतो आणि शिक्का मुंबईत राहिला आहे. शिक्क्याशिवाय काम सुरू केलं तर पुढे मंडळ हात वर करतं, हा गावाचा जुना अनुभव. लक्ष्मणबाबासुद्धा म्हणाले, “कागुद पक्का होऊ दे.” तेव्हा असं ठरलं की आज मांडववाल्याकडचा पांढरा पडदा भिंतीवर सोडायचा, शिक्का मंगळवारपर्यंत मागवायचा आणि मग चुना. म्हणजे भिंतीला दोन दिवस मिळाले. सुनंदाताईंनी पडद्याला स्वतःच्या हाताने टाचण्या लावल्या. मी ते बघितलं आणि चहा घ्यायला दुसरीकडे गेलो.

त्रिशरण, पंचशील, वंदना. इथवर सगळं शांत आणि सुंदर होतं. मग सत्कार सुरू झाले.

विहारातल्या मंचावर चौदा खुर्च्या, चौदा शाली, चौदा हार. मे महिन्यात समुद्रकाठी माणसाला लोकरी शाल पांघरायची ही पद्धत ज्याने काढली त्याला कोकण बघायला मिळालं नव्हतं. प्रत्येक सत्कारमूर्तीची ओळख, ओळख करून देणाऱ्याची ओळख, मग हार, फोटो, फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा हार. साडेबारा वाजता वीज गेली. पंखे थांबले, आणि त्यांच्या पात्यांवरची नावं एकदम स्वच्छ वाचता येऊ लागली.

एक वाजता निवेदकाने माझं नाव पुकारलं. दिनकरभाऊ माझा खांदा धरून कानात म्हणाले, “सर, देवलोक नको. मैत्री, करुणा, असं काहीतरी बोला.”

मी तेच बोलणार होतो. पण माईक हातात घेऊन मंचाकडे वळलो, आणि मला जे दिसलं ते मी पन्नास वर्षांपूर्वी पालीत पाठ केलेलं होतं.

“देव अमर नसतात,” मी म्हणालो. “त्यांचीही मुदत असते. मुदत भरत आली की पाच खुणा दिसतात. पहिली, गळ्यातले हार कोमेजतात.”

समोर बसलेल्या बायांनी मंचाकडे बघितलं. चौदा हार माना टाकून लोंबत होते.

“दुसरी, कपडे मळतात.” खजिनदारांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खीर सांडली होती. “तिसरी, काखेतून घाम फुटतो.” आता पहिली बाई हसली. “चौथी, अंगावरचं तेज जातं. आणि पाचवी, आपल्या आसनावर जीव रमत नाही.”

उपाध्यक्ष नेमके त्याच वेळी खुर्चीतून अर्धवट उठून चिकटलेली पँट सोडवत होते. विहार हसून कोसळायच्या बेतात आलं. दिनकरभाऊंनी काखा घट्ट मिटल्या. मीही त्याच मंचावरचा, माझीही अवस्था निराळी नव्हती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं, म्हणून बहुधा मार खाल्ला नाही.

“मग काय व्हतं त्यांचं?” पहिल्या रांगेतून लक्ष्मणबाबांनी विचारलं.

“मग बाकीचे देव त्याच्याभोवती जमतात आणि त्याला निरोप देतात. म्हणतात, जा, चांगल्या ठिकाणी जा.”

“चांगलं ठिकान म्हंजे? आनखी वरचा सर्ग?”

“नाही बाबा. देवांच्या मते चांगलं ठिकाण म्हणजे माणसांत जन्म. वर सुखच इतकं की कुणाला शहाणपण सुचत नाही. जे काही कळायचं ते इथे कळतं, चिखलात. देव वाट बघतात ती इथे यायची.”

लक्ष्मणबाबा पुढे झुकले. “म्हंजे ह्यांना आपल्यापुढं हात जोडायला लागतात. आपन ह्यांच्यापुढं न्हाय.”

“तसंच.”

“मुदतीचे देव,” बाबा स्वतःशी म्हणाले. “खाडीत सोडले ते बिनमुदतीचे व्हते.” मग काठी टेकत उठले, भिंतीपाशी गेले आणि पडद्याचं खालचं टोक धरून वर उचललं. टाचण्या निघाल्या. सगळा पडदा नाही उघडला. फक्त कमरेएवढा, माणसांचा पट्टा दिसेल इतका.

“ही आमची वयनी!” बाबा म्हणाले. “बघा, बघत्ये कशी. जित्ती हाय म्हना!”

मग शिस्त संपली. बाया उठल्या, मुलं पायांमधून पुढे घुसली. हा जाळेवाला कोण, ती टोपलीवाली कोण, माझं नाक एवढं मोठं हाय काय गं सुनंदा, असा एकच कालवा. निवेदक माईकमधून ‘आपापल्या जागी बसा’ म्हणत राहिला आणि कुणी ऐकलं नाही.

दिनकरभाऊ मंचावरून उतरून आले ते ओरडण्यासाठीच. गर्दी सारून भिंतीपाशी पोहोचले आणि थांबले. त्यांच्यासमोर डोक्याला लाल पंचा बांधलेला एक माणूस उकिडवा बसून रस्त्याची खडी फोडत होता.

सुनंदाताई हळू म्हणाल्या, “भाऊ, हे तुमचे वडील. मी बघितले न्हाय. सासूबाय सांगायच्या तसे काढले.”

फलकावर, पत्रिकेवर, कालच्या सभेत, सगळीकडे दिनकरभाऊंच्या वडिलांचा उल्लेख ‘नामांकित कंत्राटदार’ असा होता. चुना आता मंगळवारची वाट बघणार नाही, असं मला वाटलं. बादली दारातच होती.

भाऊंनी अंगठ्यांचा हात खिशात घातला.

“पंचा लाल नव्हता,” ते म्हणाले. “हिरवा होता.”

“बदलते,” सुनंदाताई म्हणाल्या.

चिटणीस वही घेऊन घाईने पुढे आले. “भाऊ, मग मंगळवारचा चुना?”

“पंचा बदलायचाय ना अजून,” दिनकरभाऊ म्हणाले. “आणि ते वरचं नाव पुसा.”

एवढं होताच चिटणीस म्हणाले, माझ्याही बापाचं पुसा, त्याला शुद्धीवर आणा. खजिनदार म्हणाले, आमचंही. दहा मिनिटांत सहाही स्वर्ग ओस पडले आणि माणसांच्या पट्ट्यात जागेवरून नवं भांडण सुरू झालं. तिथे नावं पदांच्या क्रमाने लिहायची की वयाच्या, यावर उपाध्यक्षांनी वेगळा ठराव मांडला. सुनंदाताईंनी ऐकून घेतलं आणि ‘नाव लिहायला खाली जागाच न्हाय’ एवढंच म्हणाल्या. खरं तर वीतभर जागा होती. या वेळी मीही खोटं बोललो. म्हणालो, मुळीच नाही.

जुना ठराव रद्द करायलाही शिक्का लागतो. दोन्ही कागद मुंबईला गेले आहेत, सभा लागली की बघू, असं मंडळ म्हणतं. तिकडचा एक दिवस किती मोठा असतो हे मी वर सांगितलंच आहे. भिंतीला माझ्या हयातीत धोका दिसत नाही.

परतीच्या गाडीसाठी सुनंदाताई बोर्लीच्या स्टँडपर्यंत आल्या. पिशवीत त्यांनी ओले काजू आणि सोललेल्या सुपाऱ्या घातल्या होत्या. गळ्यातला हार काढायचं मी विसरलो होतो, तो पुरता मेला होता. सदरा पाठीला चिकटलेला, बाहीवर खीर. गाडीत जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. तिच्यावर जीव रमण्याचा प्रश्नच नव्हता.

सुनंदाताईंनी खिडकीतून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

“जा, सर,” त्या म्हणाल्या. “चांगल्या ठिकानी जा.”

“मी पुण्याला चाललोय.”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “तितं पन मानसंच असतील की.”